भरल्या टाकीतला उपाशी मासा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आपल्याकडे घरात मासे पाळणाऱ्यांचा अनुभव बहुधा एकाच प्रकारचा असतो. काचेच्या पेटीत चार गोल्डफिश आणि दोन-चार गप्पी. सकाळी आजोबा चिमूटभर खाऊ टाकतात, दुपारी शाळेतून आलेला नातू टाकतो, संध्याकाळी पाहुण्यांना गंमत दाखवायची म्हणून पुन्हा टाकला जातो. आठ दिवसांत पाणी गढूळ होते आणि एक दिवस मासा उलटा होऊन तरंगताना दिसतो. म्हणजे आपल्या घरातले मासे मरतात ते बहुधा अति खाण्याने. समोर खाण्याचे पाच-सहा प्रकार मांडलेले असताना एखादा मासा उपासमारीने मेला, असे कोणी सांगितले तर ते सहज पटत नाही.

माझा भाचा कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला राहतो. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे नात्यागोत्यात कोणाचेही कुत्रे-मांजर आजारी पडले की मला फोन येतो. मी जनावरांचा डॉक्टर नाही, हे सांगून सांगून मी दमलो आहे. तर या भाच्याने घरात समुद्राच्या पाण्याची टाकी केली. नुसते मासे नव्हेत, त्यात जिवंत प्रवाळही. टाकी दोनशे लिटरची, मांडून तीन महिने झालेली. तिच्यात त्याने हौसेने एक मासा आणून सोडला, आणि पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला.

"मामा, मासा खात नाही हो."

"काय देतोस त्याला?"

"सगळं दिलं. गोळ्या दिल्या, पापुद्रे दिले, गोठवलेली कोळंबी बारीक करून दिली. आईनं पाठवलेली सुकट होती, तीसुद्धा कुटून टाकली."

"मग?"

"ती बाकीच्यांनी खाल्ली."

माशाचे नाव मँडरीन. चिनी दरबारातल्या मँडरीन म्हणवल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांचे रेशमी झगे फार रंगीबेरंगी असत, त्यावरून हे नाव पडले. गडद निळ्या अंगावर नारिंगी रंगाच्या नागमोडी रेघा, मधे हिरव्या छटा, गालावर ठिपके. आकार म्हणाल तर आपल्या बोटाएवढा, सहा-सात सेंटिमीटरचा. फिलिपिन्समध्ये काम करणारा अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ आल्बर्ट हेर याने १९२७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि नावातच 'स्प्लेंडिडस', म्हणजे तेजस्वी, हे विशेषण घातले. जपानच्या र्यूक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ, संथ पाण्यात, प्रवाळांच्या तुकड्यांमध्ये तो राहतो.

त्याच्या निळ्या रंगाबद्दल थोडे सांगायलाच हवे. प्राण्यांमधला निळा रंग बहुतेक वेळा खरा रंग नसतोच. मोराच्या पिसात निळे रंगद्रव्य नाही. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश असा परततो की आपल्याला निळे दिसते. मँडरीनच्या कातडीत मात्र निळे रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. दोन जपानी संशोधकांनी १९९५ साली हे दाखवून दिले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असे उदाहरण फार विरळा. शिवाय या माशाला खवले नाहीत. अंगावर बुळबुळीत, वाईट वासाचा आणि कडवट लेप असतो, त्यामुळे मोठे मासे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून तो पळत नाही, घाई करत नाही. तळाशी पोटाकडच्या परांवर टेकत, उड्या घेतल्यासारखा हळूहळू फिरतो.

आता एवढा सुंदर मासा, किंमतही परवडणारी, आणि दुकानदाराने सांगितलेले की "हा फार सोपा, कोणाशी भांडत नाही." ते खोटे नव्हते. तो खरेच भांडत नाही. तो काय खातो एवढेच सांगायचे राहिले.

मी भाच्याला म्हटले, तू काय टाकतोस ते सोड, तो दिवसभर काय करतो ते मला सांग. भाच्याला नोकरी, त्याने ते काम आपल्या नऊ वर्षांच्या मुलीकडे दिले. ती वही घेऊन टाकीसमोर बसली. माझ्या सांगण्यावरून तिने दोनच गोष्टी मोजल्या: मासा थांबून खडकाकडे किती वेळा निरखून बघतो आणि तोंड पुढे काढून किती वेळा टोच मारतो. संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. "मामाआजोबा, दहा मिनिटांत तो खूप वेळा बघत होता, मी मोजायचं सोडून दिलं. पण टोच फक्त सहा."

दहा मिनिटांत सहा टोच. निदान तिथेच झाले होते.

या माशाचे तोंड लहानसे असते, खालच्या बाजूला वळलेले, आणि नळीसारखे झटकन पुढे येणारे. डोळे मोठे, उंचावर बसवलेले आणि सतत फिरणारे. एखादा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून चिमट्याने स्क्रू उचलतो ना, तसा हा खडकावरून एकेक जीव उचलतो. बघतो, थांबतो, टिपतो, पुढे सरकतो. सकाळपासून अंधार पडेपर्यंत हेच. समुद्रातून पकडलेल्या मँडरीनचे पोट तपासले तेव्हा त्यात मुख्यतः कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव सापडले. त्याशिवाय बारीक कृमी, इवल्या गोगलगायी, माशांची अंडी. म्हणजे हा शिकारी कमी आणि चरणारा जास्त. वाघापेक्षा शेळीशी त्याचे अधिक जमेल. आणि शेळीला दिवसातून दोनदा थाळी वाढून भागत नाही, तिला कुरण लागते.

कोपेपॉड हा शब्द अनोळखी वाटेल, पण त्यातल्या एकाची महाराष्ट्राने पूर्वी चांगलीच धास्ती घेतली होती. नारूचा रोग आठवतो का? विहिरीच्या, पायविहिरीच्या पाण्यातून तो व्हायचा. नारूच्या कृमीची पिल्ले ज्याच्या पोटात वाढायची तो सायक्लॉप्स हा गोड्या पाण्यातला कोपेपॉडच. 'पाणी फडक्याने गाळून प्या' म्हणून गावोगाव सांगत होते ते त्याच्यासाठी. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे मान्य केले. त्या सायक्लॉप्सची समुद्रातली भावंडे म्हणजे मँडरीनची भाजी-भाकरी. कोपेपॉड या ग्रीक शब्दाचा अर्थ वल्ह्यासारखे पाय असलेला. आकार मिलिमीटरएवढा किंवा त्याहून लहान. समुद्रात त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की लहान माशांपासून देवमाशांपर्यंत अनेकांचे पोट प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे त्यांच्यावर चालते.

आता जरा हिशेब करून पाहू. धडधाकट मँडरीन मिनिटाला चार टोच सहज मारतो. दिवसाचे दहा तास धरले तर २४०० टोच झाले. प्रत्येक टोच यशस्वी होत नाही. निम्मे फुकट गेले असे धरले तरी रोज बाराशे जीव. भाच्याच्या तीन महिन्यांच्या टाकीत बाराशे कोपेपॉड एकूण तरी असतील की नाही, शंकाच. पहिल्या आठवड्यात माशाने होते नव्हते ते वेचून खाल्ले. जे अंडी घालणार होते तेच संपले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मासा दिवसभर खडक निरखत होता, कारण निरखणे हा त्याचा स्वभाव. टोच मारत नव्हता, कारण टिपण्यासारखे काही उरले नव्हते.

मग त्याला गोळ्या का चालत नाहीत? लोक म्हणतात, नखरे. मला हा शब्द पसंत नाही. त्याच्या डोळ्याला खाणे ओळखता येते ते हालचालीवरून. खडकावर अर्धा मिलिमीटर काहीतरी झटका देऊन सरकले की ते अन्न. वरून पडणारी, स्थिर, गोल, तपकिरी गोळी त्याच्या लेखी वाळूचा खडा. ती अन्न आहे हे त्याला कळलेच, तरी तो तिच्यापर्यंत पोहोचेस्तोवर टाकीतले चपळ मासे ती केव्हाच पळवतात. पंगतीत वाढपी एकदाच फिरणार आणि शेजारी हावरट बसलेले. हळू जेवणाऱ्याच्या पानात काय पडणार?

तुम्ही म्हणाल, मग जास्त टाका. इथे प्रवाळाच्या टाकीची खरी अडचण येते. न खाल्लेले अन्न कुजते. त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्रेट आणि फॉस्फेट साचत गेले की शेवाळ माजते आणि प्रवाळ कोमेजतात, कारण प्रवाळांची सवय ज्या पाण्याची आहे त्यात ही खते नाममात्र असतात. माशासाठी टाकलेल्या जास्तीच्या अन्नाचा असा त्रास प्रवाळांना होतो. उलट पाणी लख्ख ठेवायला म्हणून बारीक गाळणी, फेस काढणारे यंत्र, अतिनील किरणांचा दिवा हे सगळे जोरात चालवावे, तर त्यांत पाण्यात तरंगणारे कोपेपॉड आणि त्यांची पिल्लेही गोळा होतात, मरतात. माशांच्या रोगावर तांब्याचे औषध टाकले तर सगळेच कोपेपॉड संपतात, कारण कवचधारी जिवांना तांबे हे विष आहे. पाणी स्वच्छ ठेवणे आणि पाण्यात जीव ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टाकी पाळणाऱ्याला सहसा एखादा मासा गमावल्यावर कळते.

भाच्याच्या पहिल्या माशाबद्दल फार सांगत नाही. आम्ही घाईने उपाय केले. आर्टेमिया म्हणजे मिठागरात वाढणारी इवली कोळंबी. तिची अंडी कोरड्या पुडीत, डब्यात मिळतात. अमेरिकेत यूटा राज्यातल्या खाऱ्या सरोवरातून ती मोठ्या प्रमाणावर काढतात. आपल्या मुंबईच्या मिठागरांतूनही या जिवाची नोंद झालेली आहे. मिठाच्या पाण्यात, ऊब आणि हवेचे बुडबुडे दिले की चोवीस तासांत पिल्ले बाहेर पडतात. ती वळवळतात, त्यामुळे मँडरीनने ती टिपली. घरात आनंद झाला. पण या पिल्लांच्या अंगातला पिवळा बलक पहिल्या काही तासांचाच. तो संपला की त्यांत फारसा कस उरत नाही. कोपेपॉडमध्ये जे स्निग्धांश असतात ते आर्टेमियात मुळातच कमी. म्हणून ती द्यायची तर ताजी, नाहीतर पोषक तेल किंवा सूक्ष्म शेवाळ खाऊ घालून. हे मला माहीत होते, पण भाच्याला सांगेपर्यंत पंधरा दिवस गेले. मासा खात होता आणि तरी वाळत होता. दोन महिन्यांनी एका सकाळी तो खडकामागे मेलेला सापडला. मुलीने वहीत तारीख लिहून ठेवली होती.

या उपासमारीची सुरुवात कॅलिफोर्नियात झालेलीच नव्हती. मँडरीन पकडला जातो तो मुख्यतः फिलिपिन्स-इंडोनेशियाच्या पाण्यात. तो प्रवाळांच्या फटींत लपतो, जाळ्यात येत नाही. म्हणून फिलिपिन्समध्ये काही ठिकाणी बारीक सुया लावलेल्या छोट्या भाल्याने टोचून त्याला पकडतात. त्यातून वाचला की पिशवीत भरून प्रवास. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून माशांना आधी मुद्दामच उपाशी ठेवतात. मग घाऊक व्यापाऱ्याची टाकी, मग दुकानाची टाकी. या टाक्या धुतलेल्या, उघड्या काचेच्या; त्यात कोपेपॉड कुठून असणार? गिऱ्हाईक पैसे मोजते तेव्हा माशाचा कित्येक दिवसांचा उपास झालेला असतो. रंग मात्र तसाच झगझगीत दिसतो, त्यामुळे फसगत होते. दुकानात हा मासा वरून बघावा. पोट आत गेलेले, डोक्यामागे कण्याची धार दिसते, डोके मोठे आणि मागचे अंग काडीसारखे असेल तर तो घेऊ नये, कितीही दया आली तरी. आणि दुकानदाराला म्हणावे, माझ्यासमोर याला खाऊ घाला. दहा मिनिटे थांबावे लागले तर थांबावे.

भाच्याने दुसरा मासा लगेच आणला नाही, याचे श्रेय मी त्याच्या मुलीला देतो. ती म्हणाली, आधी जेवण येऊ दे. मग बापलेकीने चौदा महिने जे केले ती एक प्रकारची शेतीच होती.

पहिली गोष्ट, टाकी मोठी केली, तीनशे लिटरची. एका मँडरीनला साधारण अडीचशे-तीनशे लिटर आणि किमान वर्षभर मुरलेली टाकी हवी, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. लिटरपेक्षाही महत्त्वाचा असतो खडक. सच्छिद्र, फटी-कपाऱ्यांनी भरलेला, आत-बाहेर जिवाणू, शेवाळ, कृमी वसलेला खडक. कोपेपॉडांची घरे त्यात. मासा पोहोचू शकत नाही अशा फटी जितक्या जास्त, तितके बियाणे सुरक्षित.

दुसरे, मुख्य टाकीच्या खाली, कपाटात, एक वेगळे कुंड जोडले. इंग्रजीत त्याला रेफ्युजियम म्हणतात. आपण राखीव रान म्हणू. गावाची देवराई असते ना, तसे. त्यात मासा एकही नाही. हिरव्या केसांच्या गुंत्यासारखे दिसणारे एक समुद्री शेवाळ, दगडांचे तुकडे, आणि एक दिवा. मुख्य टाकीत पाणी या कुंडातून फिरून येते. कुंडात कोपेपॉड निर्धास्त वाढतात आणि त्यांतले थोडे-थोडे पाण्याबरोबर वर जातात. शेवाळ नायट्रेट, फॉस्फेट शोषून घेते. दिवा रात्री लावायचा, म्हणजे वरच्या टाकीत अंधार असताना खाली प्रकाश राहतो आणि पाण्याची आम्लता रात्री फार वर-खाली होत नाही.

तिसरे, बाटल्यांतली पैदास. यावर जरा जास्त बोलतो, कारण मला यातच रस आहे. चार-पाच लिटरची काचेची बरणी, समुद्राचे पाणी, हळू येणारे बुडबुडे. त्यात टिस्बे नावाच्या कोपेपॉडचे विरजण. टिस्बे खडकावर, काचेवर सरपटतो, तळाशी राहतो, मँडरीनला अगदी हवा तसा. मादी अंडी पिशवीत घालून शेपटीजवळ बाळगते. भिंगातून बघितले तर खांद्याला झोळी अडकवलेल्या बाईसारखी दिसते. अंड्यातून निघालेले पिल्लू आईसारखे अजिबात दिसत नाही. कात टाकत टाकत, सहा आणि मग आणखी पाच अवस्था ओलांडून ते मोठे होते. उबदार पाण्यात हे सगळे साधारण दोन आठवड्यांत. खायला सूक्ष्म शेवाळ द्यायचे. त्याची आणखी एक बाटली: हिरवेगार पाणी, खिडकीत ठेवलेले. म्हणजे माशासाठी कोपेपॉड, कोपेपॉडसाठी शेवाळ, शेवाळासाठी खत आणि ऊन. फ्रीमॉन्टच्या त्या स्वयंपाकघरात ओट्यावर लोणच्याच्या बरण्यांशेजारी या बरण्या उभ्या होत्या. भाचेसुनेचे त्याबद्दलचे मत इथे सांगण्यासारखे नाही.

कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर, लाटांच्या शिंतोड्यांनी भरणाऱ्या डबक्यांत टिग्रिओपस नावाचा नारिंगी-लालसर कोपेपॉड राहतो. ऊन, पाऊस, जास्त मीठ, कमी मीठ, सगळे सोसतो. मी तिकडे गेलो होतो तेव्हा आम्ही तो पाहिला. नुसत्या डोळ्यांना लाल ठिपके नाचताना दिसतात. बाटलीत तो विकतही मिळतो. मोठा आणि ठसठशीत असल्यामुळे मासे तो आवडीने खातात, पण टाकीत त्याची वस्ती टिकत नाही. तो मोकळ्या पाण्यात येतो आणि संपतो. तेव्हा तो सणाचे पक्वान्न आणि टिस्बे रोजची भाकरी.

चौथे, शेजारी निवडले. कोपेपॉडवर डोळा ठेवणारे इतर मासे, विशेषतः सहा रेघांचा चपळ रास मासा, टाकीत ठेवलाच नाही. दुसरा मँडरीन नरही नाही. दोन नर एकमेकांना जगू देत नाहीत.

कुरण तयार झाले हे कसे ओळखायचे? दिवे मालवून तासाभराने टॉर्च लावायचा. काचेवर पांढरे ठिपके सरपटताना दिसले पाहिजेत, एक-दोन नव्हे, जिकडे बघाल तिकडे. मुलीने तळहाताएवढा चौकोन आखला होता आणि ती दर रविवारी रात्री त्यातले ठिपके मोजायची.

मग मासा आला. या वेळी समुद्रातून पकडलेला नाही. मँडरीनची टाकीत पैदास करणे फार दिवस जमत नव्हते. संध्याकाळी अंधुक उजेडात नर-मादी गालाला गाल लावल्यासारखे खडकापासून वर तरंगत जातात आणि अंडी सोडतात, हे टाकीतही घडायचे. पण अंड्यातली पिल्ले इतकी बारीक की त्यांना भरवायचे काय, तिथे अडायचे. पुन्हा तोच प्रश्न, आणखी लहान आकारात. २०१० साली फ्लोरिडातल्या एका कंपनीने टाकीत जन्मलेले मँडरीन बाजारात आणले, नंतर इतरांनीही ते जमवले. अशा माशाला लहानपणापासून गोठवलेल्या अन्नाची ओळख असते. किंमत जास्त, आकार लहान. पण माझ्या मते दिलेला प्रत्येक पैसा वसूल होतो.

तरीही त्याला लगेच मोकळे सोडले नाही. पहिले तीन आठवडे टाकीतच जाळीच्या छोट्या पेटीत ठेवले, म्हणजे अन्न समोर राहते आणि कोणी पळवत नाही. सुरुवातीला जिवंत, ताजी आर्टेमिया. मग त्यात थोडी माशांची बारीक अंडी आणि चिरलेले गोठवलेले मायसिस मिसळायचे. मायसिस म्हणजे दिसायला आपल्या जवळ्यासारखाच एक जीव. जिवंत टिपता टिपता मेलेलेही तोंडात जाते आणि चव कळते. हळूहळू जिवंत कमी, गोठवलेले जास्त. दिवसातून तीन-चार वेळा, पण प्रत्येक वेळी अगदी थोडे. पेटीतून सोडल्यावर तळाशी एक अरुंद तोंडाची काचेची बरणी आडवी ठेवली आणि नळीने अन्न थेट तिच्यात सोडायचे ठरवले. मोठे मासे आत शिरत नाहीत. मँडरीन सावकाश उड्या घेत जातो, आत बसतो आणि जेवतो. बरणीची जागा मात्र बदलायची नाही. एकदा सफाई करताना ती डावीकडून उजवीकडे गेली, तर दोन दिवस हे महाशय रिकाम्या जागी जाऊन बसत होते.

ऐकणाऱ्यांपैकी कोणाला हे सगळे आपल्याकडे करावेसे वाटेल, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत, समुद्रघोडेही. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा, किंवा प्रवाळाचा खडक, टाकीसाठी उचलणे हा गुन्हा आहे, आणि कोणी 'बाहेरून आणलेला आहे' म्हणून विकत असेल तर त्याच्याकडे कागदपत्रे मागावीत; बहुधा ती नसतात. मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात १९५१ पासून आपल्या कित्येक पिढ्यांनी काचेपलीकडचे समुद्री मासे पाहिले, त्यामुळे घरात तसे काही असावे ही इच्छा मी समजू शकतो. कायद्यात बसवून करायचे असेल तर भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड घालूनही टाकी होते आणि त्यावरही कोपेपॉड वाढतात. वेळ जास्त लागतो, इतकेच.

तर, मुलीने पुन्हा वही काढली. दहा मिनिटांत टोच एकेचाळीस. गोळ्यांना तो मासा आजही तोंड लावत नाही.

आता नवाच पेच आहे. डिसेंबरात तीन आठवडे सगळ्यांना पुण्याला यायचे आहे, आमच्या घरी लग्न आहे. खडकावरचे कोपेपॉड तेवढे दिवस पुरतील असा भाच्याचा अंदाज, पण बरण्यांना रोज हिरवे पाणी कोण देणार? शेजारच्या एका मुलाला शिकवणे सुरू आहे. त्याने पहिल्याच दिवशी एका बरणीतला बुडबुड्यांचा पंप बंद ठेवून दिला. भाचेसून म्हणते, तिकिटे काढण्याआधी एकदा माशाला विचारून घ्या.